पालखीजवळचं स्टूल

बोडिल डेन्मार्कहून आमच्या बेटावर राहायला आली त्याला तीन वर्षं झाली. नवरा गेल्यावर तिकडचं घर विकून एकटीच आली. आता ती बंदरावर दिसली की मासेवाले खुर्ची पुढे करतात आणि अख्खं गाव तिला "आपली बोडिल" म्हणतं.

मी इथे सव्वीस वर्षांपूर्वी सून म्हणून आले, तेही समोरच्या किनाऱ्यामागच्या डोंगरातून. भाषा तीच, देव तोच. तरी सासूच्या तोंडी माझं असिमिना हे नाव कधी आलं नाही. मी "डोंगरवाली"; तिचं ऐकून गावालाही तेच. मग माझा जळफळाट होणार नाही तर काय?

बोडिल वाईट असती तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण ती स्वतः भिंतींना चुना लावते, ऑक्टोपस मऊ करायला खडकावर आपटते, कुणी आजारी पडलं की सूप घेऊन दारात हजर. सूप ठार अळणी, तरी सगळे मिटक्या मारतात. माझ्या डाळीत मीठ जरा कमी पडलं तर सासू भांडं सरकवून देते.

यंदा गुड फ्रायडेला मात्र हद्द झाली. त्या सकाळी चर्चमध्ये बायका ख्रिस्ताची पालखी फुलांनी मढवतात आणि संध्याकाळी ती गावभर फिरते. पालखीजवळच्या स्टुलांवर बसून तिच्या कापडावर फुलं शिवायची, हा जुन्या घरांतल्या बायकांचा मान. त्यांची म्होरकी माझी सासू, झाबेता. मी आजवर मागे उभी राहून देठ खुडत आले. यंदा एक स्टूल रिकामं होतं. मला वाटलं, आता तरी.

"बोडिल, ये गं बाळा, बस इथे," सासू म्हणाली. "डोंगरवाले, तिला सुई ओवून दे."

दिली ओवून. ती सुई तिला टोचावी असं मनापासून वाटलं.

बोडिल शिवत होती आणि बायका "वा, वा" करत होत्या. मग ती लिंबाची फुलं आणायला घरी गेली. सासूने लगेच कापड ओढून पाहिलं.

"अगं बाई! पहिल्याच पायरीला सगळी फुलं रस्त्यावर येतील. डोंगरवाले, खांबासारखी उभी काय राहिलीस? बस तिथे, उसव आणि नीट घाल. ती यायच्या आत. बिचारीला वाईट वाटेल."

"आणि मला वाटत नाही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुला काय वाटायचंय? तू घरची."

दारात बोडिल उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. फांद्या खाली ठेवून ती माझ्याजवळ आली.

"असिमिना, मला इथे कुणी कधी रागावत नाही," ती हळूच म्हणाली. "सुपात मीठ घालायला विसरले, तरी छान म्हणतात. तुझा हेवा वाटतो मला."

माझा हेवा! मला हसावं की रडावं कळेना. मी स्टुलावर बसले, सरकून तिला अर्धी जागा दिली आणि हातात सुई कोंबली. तिने टाका घातला तसा मी तिच्या हातावर फटका मारला.

"हा टाका आहे? लक्ष कुठे आहे तुझं? उसव! आणि तुझं सूप! एवढा समुद्र दाराशी असून अळणी!"

सासू कडाडली, "आज देव गेलाय आणि तुम्ही भांडताय? तोंडं बंद करा दोघी!"

बोडिलने माझ्याकडे पाहिलं. "दोघी," ती पुटपुटली आणि खाली मान घालून टाके उसवू लागली.