सातवीच्या मुलींची शर्यत काहून रद्द झाली?

आज शनिवारी सकाळी सव्वाआठची गोष्ट. शेजाऱ्यांनो, आपल्या वसाहतीसमोरच्या शाळेत सातवीच्या मुलींची शर्यत रद्द झाली. पाहुणे उशिरा आले आणि आरतीची ताटं धरायला मुली हव्या होत्या. मुलांची शर्यत मात्र झाली.

यातूनच जिल्ह्यासाठी निवड होणार होती. माझ्याकडे शिकवणीला येणारी सुनंदा महिनाभर अनवाणी सराव करत होती. मी तिची शर्यत बघायला गेले, तर हातात ताट धरून तिने विचारलं, "आजी, मले काहून धावू देत नाहीत?"

मी पीटीच्या मास्तरांना गाठलं. ते हसले. "बाई, पोरी दमल्या तर पाहुण्याले ओवाळणार कोण?"

किळस आली. मी शिकले त्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर झगा सावरून आमच्याबरोबर धावायच्या.

या फलकावर खाली सह्या करा. मुलींची शर्यत कधी, हे मुख्याध्यापकांनी सोमवारी प्रार्थनेच्या घंटेपूर्वी लेखी कळवावं. शर्यतीच्या दिवशी पाहुण्यांना मी ओवाळीन.