आप्पांच्या राजाची भागीदारी

मेलेली मेंढी उलटी केली, मागचे पाय बघितले आणि माझं डोकं चक्रावलं. नरड्यावर लांडग्याचे दात होते. पण मागच्या मांड्याही फाडलेल्या. लांडगा असले उद्योग करत नाही. नरडं धरतो, ओढतो, खातो, निघून जातो. कामाशी काम.

मी वनरक्षक. आधी शिरूरला उसातल्या बिबट्यांमागे पळायचे. आता दौंड तालुक्यात, भांडगावच्या आतल्या माळावर माझी बीट आहे. बीट म्हणजे एकटीनं सांभाळायचा जंगलाचा तुकडा. आमचं जंगल म्हणजे कुसळी गवत आणि मुरूम.

मेंढी फिरस्ते मेंढपाळ बिरूमामांची. मामांनी दूध सोसायटीचे चेअरमन आप्पा यांच्या शेतात वाडा बसवला होता. म्हणजे रात्री मेंढ्या जाळीत कोंडून शेतातच ठेवायच्या, लेंडीखत आपोआप शेताला. आठवड्यातली ही तिसरी मेंढी होती. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोवर बिबट्या आणि लांडग्याची युतीही जाहीर झाली होती. फक्त जागावाटप राहिलं होतं.

आप्पा तिथंच उभे होते. "ह्या मढ्यावर थिमेट टाकतो," म्हणाले. "जे खाईल ते मरंल."

थिमेट म्हणजे शेतात किडीसाठी टाकतात ते जहाल विष. मी सांगितलं, लांडग्याला वाघाइतकंच संरक्षण आहे, आत जाल.

"म्याडम, कायदा तुमच्या फायलीत. हितं आमचं चालतं. आमचा राजा बघा, एवढा दांडगा कुत्रा, पण दूधभाकरीबिगर कशाला तोंड लावत न्हाई. जनावर असं पायजे."

या माळावर एकच लांडगीण उरली होती. तिचा नर गेल्या वर्षी हायवेवर गाडीखाली गेला. दोन वर्षं मी तिला लांबून बघतेय. जीव जडलाय, खोटं कशाला बोलू? थिमेट पडलं असतं तर माळ रिकामा झाला असता. मी उद्या सकाळपर्यंतची मुदत मागितली. आप्पांनी ती सभेत ठराव मंजूर केल्यासारखी दिली.

आप्पा गेल्यावर मी वाड्याभोवती ठसे बघत फिरले. लांडग्याचा ठसा लांबट, चाल एका रेषेत. कुत्र्याचा गोल, चाल वेडीवाकडी. इथं जाळीभोवती गोल ठशांच्या फेऱ्याच फेऱ्या होत्या. लांबट ठसे मात्र माळावरून थेट खालच्या ओघळीत उतरले होते. तिथं गवत दबलेलं, कुणीतरी निवांत बसून वाट बघितल्यासारखं. म्हणजे एकानं मेंढ्या बुजवून जाळीबाहेर काढायच्या, मागून हाकायच्या, दुसऱ्यानं ओघळीत नरडं धरायचं. कामाची इतकी चोख वाटणी आमच्या ऑफिसात मी अजून बघितलेली नाही.

मामांना बाजूला घेऊन विचारलं, "कुत्रं कुणाचं?"

मामा पागोट्याशी चाळा करत राहिले. "मी पडलो बाहेरगावचा मानूस. आप्पाच्या रानात बसलोय."

उत्तर मिळालं. मढ्याजवळ कॅमेरा ट्रॅप बांधला. हा कॅमेरा समोर काही हललं की आपोआप फोटो काढतो. चेअरमन वगैरे ओळखत नाही.

सकाळी फोटो बघितले आणि ऑफिसात आमच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, पंचनाम्यात हल्लेखोर प्राण्याचा रकाना एकच आहे, एकच नाव लिहा.

"सर, दोघं आहेत."

"मग मोठ्याचं लिहा."

"मोठा कुत्रा आहे, सर."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, कुत्र्यानं मारलं तर मेंढपाळाला भरपाई नाही, लांडगा लिहा. नरडं लांडगिणीनंच धरलेलं, त्यामुळे मी मुकाट्यानं लिहिलं. कुत्रा कागदावर आलाच नाही.

तेवढ्यात आप्पा थिमेटची पिशवी घेऊन हजर. मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. फोटोत लांडगीण आणि कुत्रा खांद्याला खांदा लावून जेवत होते. कुत्र्याच्या गळ्यात पितळी घुंगरांचा लाल पट्टा. तो पट्टा सगळ्या गावाच्या ओळखीचा होता.

"टाका थिमेट, आप्पा," मी म्हणाले. "दोघंही येतील जेवायला."

आप्पांनी फोटो जवळून बघितला, लांबून बघितला. पिशवीला गाठ मारून बुलेटला अडकवली.

"आमचा राजा असला न्हाई," ते म्हणाले. "त्या लांडगिणीनंच नादी लावला."

मामांनी तोंडावर उपरणं धरलं. आठवड्यात पहिल्यांदा ते हसत होते.

राजाला त्याच दिवशी साखळी लागली. जाळीतून मेंढ्या काढणारा गडीच गेल्यावर लांडगीण पुन्हा सशांकडे वळली. मामांचा वाडा सुखानं बसला.

पंधरा दिवसांनी आप्पा पेढे घेऊन ऑफिसात आले. मला वाटलं, माणूस शरमला. खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाले, "म्याडम, त्या लांडगिणीला पिल्लं झाली तर एक आमच्यासाठी बघा. आन् माळावर कुणी विष टाकलं तर मला सांगा, तंगड्या तोडतो."

कुत्र्यापासून अशी पिल्लं झाली तर अस्सल लांडग्याचा वंशच बुडतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, रंग कुणाचा येतो?

मी दोन वर्षं माळावर कायदा सांगत फिरले, कुणी ढुंकून बघितलं नाही. तिनं चेअरमनच्या घरात सोयरीक केली आणि पंधरा दिवसांत संरक्षण मिळवलं.