आभाराच्या पेटीतली चिठ्ठी

या ग्रुपवर मी चार वर्षांपासून आहे, पण आजपर्यंत एक ओळही लिहिलेली नाही. खरं सांगायचं तर मी इथले चमत्कारांचे अनुभव वाचतो ते चुका काढायला. कुणी लिहितं 'त्या दिवशी अमावस्या होती', की मी कॅलेंडर काढून बघतो, अमावस्या दोन दिवसांनंतर असते. कुणी बारा किलोमीटर दहा मिनिटांत पार करतं, तेही रात्री, बैलगाडीतून... असो. सवय आहे. चमत्कारांवर माझा कधी विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' असं लिहायला हात धजत नाही. पण गेल्या वर्षीच्या नाताळला एक गोष्ट घडली आणि परवाच्या नाताळला दुसरी. दोन्हींचा ताळा मला जमत नाही. कुणाला माझी चूक सापडली तर जरूर कळवा. बरंच वाटेल.

मी देवळीचा. पुढे किराणा दुकान, मागे घर. वय चोपन्न. सव्वादोन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार वर्ध्याला डायलिसिस, दर वेळी चार तास. घरापासून सेंटरच्या दारापर्यंत अठरा किलोमीटर चारशे मीटर.

या आजारात माणसाला आकडे पाळावे लागतात आणि ते मला जमतं. माझी एक वही आहे. पानांवर नंबर मी स्वतः टाकले आहेत. रोज सकाळी दुकानातल्या पोती मोजायच्या काट्यावर उभा राहतो – काट्यावर दर वर्षी सरकारी शिक्का मारून घेतो – आणि लिहितो: तारीख, वेळ, वजन, नाडी, आदल्या दिवशी किती पाणी प्यालो. माझं ठरलेलं वजन साडेअठ्ठावन्न. त्याच्या वर जे दिसतं ते अंगात साठलेलं पाणी.

एक गोष्ट मात्र वहीत मावत नाही. पाय. या आजारात बऱ्याच जणांच्या पायांना चैन पडत नाही. दुखत नाहीत, पण आतून काहीतरी सरपटत असतं आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. गल्ल्यावर बसलो तरी गुडघा हलतो. डायलिसिसच्या पलंगावर माझी टाच लोखंडी दांडीवर आपटत राहायची. टण, टण, टण. चार तास.

तो आवाज ऐकायच्या शेजारच्या पलंगावरच्या साळवेबाई. वर्ध्याच्या शाळेत मास्तरीण होत्या, आता निवृत्त. ख्रिस्ती. डायलिसिसचं त्यांचं पाचवं वर्ष.

"भाऊ, तुमी काय तार करून राह्यले का कोणाले?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं.

बाईंची एक पद्धत होती. हातात सुई गेली की त्या मोठ्याने एक आभार मानायच्या. रोज नवा. 'आज रेल्वेचं फाटक उघडं मिळालं, प्रभू, आभारी आहे.' 'आज सिस्टरला पहिल्याच खेपेत शीर सापडली, आभारी आहे.' मला चीड यायची. एकदा म्हणालो, "बाई, दोन्ही किडन्या गेल्या आणि आभार फाटकाचे?"

"किडन्यांचं मी भांडते ना त्याच्याशी," त्या म्हणाल्या. "ते वेगळं. फाटक उघडलं त्याचं काऊन ठेवू बाकी?"

मी वाद घालणं सोडून दिलं. पण बाईंमुळे ते चार तास निघायचे, हेही नोंदवतो.

त्यांच्या चर्चमध्ये नाताळच्या उपासनेला दोन पेट्या ठेवतात. एकीवर 'विनंती', दुसरीवर 'आभार'. लोक आत येताना चिठ्ठ्या टाकतात आणि प्रवचनानंतर पाळकसाहेब त्या वाचतात. चिठ्ठ्यांचे कागद बाई स्वतः कापायच्या, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीचे. डायलिसिस चालू असताना मोकळ्या हाताने माझ्याकडूनही घड्या घालून घेत. त्यामुळे हे सगळं मला माहीत होतं. मी चर्चमध्ये मात्र कधी गेलेलो नव्हतो.

आता माझी चूक सांगतो. ती न सांगता पुढे गेलो तर हे लिहिणं खोटं ठरेल.

गेल्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला मी जेवणातलं मीठ बदललं. दुकानात कमी सोडियमचं मीठ येतं, बीपीवाले लोक नेतात. मी पाकिटावरचा सोडियमचा आकडा साध्या मिठाशी ताडून पाहिला, कमी होता, आणि मंदाला – माझ्या बायकोला – सांगितलं, आजपासून हेच. डॉक्टरांना विचारलं नाही. आकडा समोर दिसत असताना काय विचारायचं? त्या आकड्याच्या खालची ओळ मी वाचली नाही. सोडियम काढून त्याजागी काय घातलंय, ते तिथे छापलेलं होतं.

त्या वर्षी नाताळ बुधवारी आला. माझी पाळीही बुधवारची. सुट्टीमुळे सेंटरने ती गुरुवारवर ढकलली.

नाताळच्या सकाळी उठलो तर पाय शांत. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. मी पलंगावर बसून कितीतरी वेळ पायांकडे बघत राहिलो. मंदा चहा घेऊन आली – माझा कप साठ मिलीचा – आणि दारातच थांबली.

"अहो, पाय हालून नाई राह्यले आज तुमचे."

"हो ना."

"बाईच्या देवानं आयकलं वाटते," ती म्हणाली आणि हसली. फार दिवसांनी हसली होती.

आठला दुकान उघडलं. हात थोडे जड वाटत होते, तराजूचं पारडं उचलताना जाणवलं. वाटलं, थंडी आहे. ९.१० ला काट्यावर उभा राहिलो. वजन ६१.४. नाडी ४४. नाडी कमी वाटली म्हणून पुन्हा मोजली, पुन्हा ४४. वहीत लिहिलं. 'हात जड' लिहिलं, आणि 'पाय शांत' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. आनंदाने मारल्या. गुरुवारी डॉक्टरांना दाखवू म्हटलं. मग गल्ल्यावर बसलो आणि उठावंसं वाटेना.

साडेदहाच्या सुमारास दुकानासमोर एक पांढरी गाडी थांबली. बाईंचे जावई, सुनील. मी त्यांना सेंटरमध्ये दोनचारदा पाहिलं होतं. अंगावर कोट, चर्चमधून तसेच आलेले.

"काका, बसा गाडीत. आईनं पाठवलं."

"का? काय झालं बाईंना?"

"तिले काई नाई झालं. तुमाले झालं म्हणते. फोन काऊन नाई उचलत?"

फोन आत चार्जिंगला होता. मी म्हणालो, माझी पाळी उद्या आहे, आज सेंटर बंद. सुनील ऐकेना. "तिनं मले प्रवचनातून उठवून पाठवलं. तुमाले नेल्याशिवाय गेलो त मलेच घरात घेणार नाई." मी उठायला गेलो आणि उठता येईना. पाय उचलतच नव्हते. मंदाने आणि सुनीलने दोन्ही बाजूंनी धरून मला गाडीत बसवलं.

मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत नेलं. छातीला वायरी लावल्या, रक्त घेतलं. पोटॅशियम साडेसात, जे पाचच्या आसपास हवं. इंजेक्शनं दिली, डायलिसिसच्या माणसाला घरून बोलावलं. डॉक्टरीण तरुण होती. मंदाला विचारलं, "मीठ कोणतं वापरता?" मंदाने सांगितलं. ती म्हणाली, "ते मीठ म्हणजे अर्धं पोटॅशियमच. किडनीच्या पेशंटला विष आहे ते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उद्याच्या पाळीपर्यंत थांबला असता, तर आलाच नसता काका."

पाय शांत झाले होते ते बरे होऊन नव्हे, पोटॅशियमने त्यांतली ताकदच गेली होती.

इथवर सगळं समजण्यासारखं आहे. माझी चूक, बाईंची हुशारी. पण बाईंना कळलं कसं?

शुक्रवारी त्यांनीच सांगितलं. पाळकसाहेबांचं प्रवचन चालू असताना पेट्या उघडून चिठ्ठ्या लावून ठेवायचं काम बाईंचं. त्यांनी आभाराची पेटी उघडली. त्यात एक चिठ्ठी होती. ती त्यांनी पर्समधून काढून माझ्या पोटावर ठेवली.

'सकाळी ९.१०. वजन ६१.४. नाडी ४४. हात जड. पाय शांत. मुक्काम देवळी. आभारी आहे.'

'पाय शांत'खाली दोन रेघा.

"तुमचं अक्षर मी चौदा महिने शेजारून पाह्यलं," बाई म्हणाल्या. "वाटलं, कोणाच्या हाती पाठवली असन. पण हात जड अन् नाडी ४४... माझ्यावर तीन वर्षांपूर्वी हेच बेतलं होतं. आभार काऊन मानून राह्यले, तेच समजेना."

मी म्हणालो, "मी नाही पाठवली, बाई."

त्यांना ते पटायला अर्धा तास लागला. मला तर हे सगळंच अजून पटलेलं नाही.

बरा झाल्यावर मी एकेक गोष्ट तपासली. पाळकसाहेबांना भेटलो. पेट्या पावणेनऊला उचलून त्यांच्याच खोलीत कुलूपबंद ठेवल्या होत्या. नंतर थेट बाईंच्या हाती. म्हणजे वजन करण्याच्या पंचवीस मिनिटं आधी चिठ्ठी पेटीत होती. दुकानातला कॅमेरा पाहिला. आठपासून गाडी येईपर्यंत मी त्यात आहे. वहीची पानं मोजली, सगळी जागेवर. आणि चिठ्ठीचा कागद वहीचा नव्हताच, बाईंच्या प्रश्नपत्रिकेचा होता. मंदाला अक्षर दाखवलं. "तुमचंच हाय. असा नऊ दुसरं कोण काढते?"

माझ्याकडे एकच मुद्दा उरला होता, आणि त्याला मी वर्षभर धरून बसलो. चिठ्ठीवर तारीख नव्हती. मी तारीख टाकल्याशिवाय काही लिहीत नाही. किराण्याच्या यादीवरसुद्धा टाकतो. म्हणून ती माझी नाही. कुणाची, ते माहीत नाही, पण माझी नाही.

वर्ष असं गेलं. ते मीठ दुकानात आता वेगळ्या फळीवर आहे, वर मोठ्या अक्षरात 'किडनीच्या रुग्णांनी घेऊ नये'. पाय पुन्हा आपटायला लागले. त्या आवाजाने मला बरं वाटतं, हे कुणाला सांगून पटणार नाही. सुई गेली की बाई त्यांचा आभार मानतात, आणि मग माझ्याकडे बघत थांबतात. मीही एखादा मानतो. हळू आवाजात. कुणाचे मानतो ते मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

परवाच्या नाताळला बाई म्हणाल्या, "यावर्षी तरी येजा भाऊ." मंदाला घेऊन गेलो. दारात बाई खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर कागदांचा गठ्ठा. एक कागद आणि पेन माझ्या हातात दिलं.

काय लिहायचं? नुसतं 'आभारी आहे' मला लिहिता येत नाही. कशाबद्दल, ते नको का लिहायला? गेल्या नाताळला जगलो त्याबद्दल. मग त्या सकाळची ओळ लिहिली. वहीतली, दोन रेघांसकट. ती मला पाठ आहे. जुनी चिठ्ठी खिशातल्या पाकिटात होती, ती मी काढलीही नाही. कुठला माणूस हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून मुक्काम लिहिला. मागे एक म्हातारे गृहस्थ पेनसाठी थांबले होते, म्हणून घाईने शेवटचे दोन शब्द लिहिले, घडी घातली आणि टाकली.

मागच्या बाकावर बसलो. सवयीने पेटीत पडणाऱ्या चिठ्ठ्या मोजत होतो. आभाराच्या पेटीत माझ्याआधी सव्वीस लोकांनी टाकल्या, माझी सत्ताविसावी, नंतर चार. एकूण एकतीस.

पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं, मी तारीख टाकली नाही.

मी उभाच राहिलो. मंदाने शर्ट ओढला, "काय करून राह्यले? बसा ना." बसलो. पाय थांबेनात.

पाळकसाहेबांनी आभाराच्या तीस चिठ्ठ्या वाचल्या. माझी त्यांत नव्हती. उपासना झाल्यावर मी, बाई आणि पाळकसाहेबांनी पेटी उलटी करून पाहिली, आत हात फिरवला. विनंतीच्या पेटीतल्या चिठ्ठ्याही उघडून पाहिल्या. पाळकसाहेब म्हणाले, "मोजण्यात चूक झाली असेल, भाऊ." होऊ शकते. पण मग माझी कुठे गेली?

बाईंनी गठ्ठ्याला रबर लावलं. "वाचायची राह्यली त राह्यली. पोचली असन."

त्या कुठे पोचली म्हणत होत्या ते मला कळलं. मी मात्र खिशातलं पाकीट हाताने दाबून धरलं होतं.

घरी येऊन जुनी चिठ्ठी काढली. ९.१०. ६१.४. ४४. शेवटचे दोन शब्द बाकीच्यांपेक्षा तिरके आहेत, घाईत लिहिल्यासारखे. हे वर्षभरात माझ्या नजरेला पडलं नव्हतं. की पडलं होतं आणि मी मनावर घेतलं नव्हतं, सांगता येत नाही.

याचं स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. त्या चिठ्ठीवर आता तारीख टाकावी म्हणून मी परवापासून तीनदा पेन उघडलं. कुठल्या वर्षाची टाकायची ते ठरत नाही.