दाजींची पिकअप

आमच्या साडूंनी, म्हणजे दाजींनी, जन्मात एकही वस्तू वेळेवर घेतलेली नाही. दुकानात पाऊल टाकलं की ह्यांचा पहिला सवाल, "नवीन मॉडेल कधी येणार?" आणि नवीन आलं की, "जुन्यात दम होता बगा!" ह्या घोळापायी अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, चार वर्षं मिक्सरवाचून पाट्यावर वाटत होती. अहो, मुलगी बघायला गेले तेव्हा अक्कानं दिलेले पोहे खाऊन ह्या गृहस्थानं सासऱ्यांना विचारलं, "धाकटी किती वर्षांची हाय?" ती धाकटी पुढं माझ्या पदरात पडली, म्हणून हा विषय मी फार ताणत नाही.

दौलताबादला त्यांची सीताफळाची बाग आहे. सीताफळ म्हणजे लई नाजूक काम. फळाचे डोळे उघडले, म्हणजे खवले फाकले, की तोडायचं आणि दोन दिवसांत बाजार गाठायचा. त्या साली हंगामाच्या तोंडावर त्यांची जुनी पिकअप कायमची बसली. गाडी नाही म्हणजे व्यापारी म्हणेल त्या भावानं माल बांधावरच देऊन टाकायचा. जालना रोडच्या शोरूममध्ये दोन गाड्या उभ्या होत्या. एक मागच्या सालची, सवलतीत. दुसरी नव्या सालची, नवं तोंड आणि आत टीव्हीएवढा पडदा. झालं! दाजींना एकातून एक निवडायला आठवडा लागतो, इथं तर दोन होत्या. सल्लागार म्हणून मला ओढलं. मी शोरूमजवळ सिडकोत राहतो, एवढीच माझी लायकी.

दाजींनी परीक्षाच काढली. विहिरीजवळच्या झाडांची लवकर पिकलेली फळं, दोन्ही गाड्यांत एकेक क्रेट. दौलताबादपर्यंत न्यायची, परत आणायची आणि फुटलेली मोजायची. मागच्या सालच्या जुनीत सात फुटली, नवीतही सातच. सेल्समन म्हणाला, "काका, खालचं सगळं तेच हाय. फक्त तोंड बदललंय."

"मग नवी कशापायी म्हणता हो?" दाजी त्याच्यावरच उखडले. फुटलेली चौदा फळं सेल्समन धरून आम्ही तिघांनी शोरूमच्या पायरीवर बसून संपवली. बिया कुठं थुंकल्या ते विचारू नका.

तेवढ्यात पित्रं लागली. "पित्रांत लोखंड घ्यायचं नाय," असं म्हणताना दाजींचा चेहरा काय खुलला! विचार करायला आणखी पंधरा दिवस मिळाले. बागेला मात्र कुणी पंचांग वाचून दाखवलं नव्हतं. आठव्या दिवशी व्यापारी बांधावर येऊन उभा राहिला आणि त्यानं असा भाव सांगितला की अक्का पदर खोचूनच उठली. "अहो, फळांचे डोळे उघडले, तुमचे कधी उघडायचे? चला शोरूमला! पितरांना काय सांगायचं ते मी सांगते."

शोरूममध्ये दाजी जुनीत बसले, मग नवीत, परत जुनीत. माझं डोकं फिरलं. "दाजी, गाडी घेताय का पोरगी देताय? नाही पटली तर पाच वर्षांनी विका अन् दुसरी घ्या!"

त्यांनी स्टिअरिंगवरनं हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "पाच वर्षांनी कुणी घ्यायची, पाव्हणं? पोरगा पुण्याहून बागेत यायचा नाय. मी हाय तवर बाग हाय. ही शेवटची गाडी माझी. चुकली तर पुढची नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्का मात्र नव्या गाडीचं दार उघडून आत चढून बसली. "शेवटची ना? मग नवीच घ्या. जल्मभर थांबले मी." दाजी जुनीतून खाली उतरले. मग सेल्समनकडं पेन मागितला.

गाडी चांगली निघाली, त्या साली मालही वेळेवर बाजारात गेला. इतकी चांगली निघाली, की तीन वर्षांत दाजींनी तिला नावं ठेवली नाहीत, आणि तेच मला खुपतं. परवा तिचं आणखी नवं मॉडेल आल्याचं कळलं. मी मुद्दाम फोन केला. "दाजी, चला, बघून येऊ."

"तुमीच या बघून, पाव्हणं," म्हणाले.

मी गेलो नाही. एकटा जाऊन शिव्या कुणाला घालू?