कांबळ्यांच्या छातीतून ग्रहण

एक्स-रे काढणाऱ्या माणसाकडे किस्से साठतात, त्याला तो तरी काय करणार? शर्ट काढून, हनुवटी वर करून, खांदे पुढे ओढून उभा केलेला माणूस फार वेळ खोटं बोलू शकत नाही. काही विचारलं नाही तरी सांगत सुटतो.

मी अंबरनाथ पश्चिमेला एका छातीच्या डॉक्टरांकडे एक्स-रे काढायचो. ऐंशी-नव्वदच्या त्या काळात ज्याला बघावं तो परदेशी निघालेला. आधी मस्कत, दुबई. मग कॅनडा, न्यूझीलंड. मेडिकल व्हायची मुंबईत, त्यांनी नेमलेल्या मोठ्या डॉक्टरांकडे. पण ज्याला पूर्वी काही होऊन गेलंय, तो रंगीत तालीम आमच्याकडे करायचा!

* * *

सुरुवात कांबळेभाऊंपासून करायला हवी. ते आमच्याच बिल्डिंगमधले. केमिकल कंपनीत मेकॅनिक, बायको शोभाताई नर्स. पंच्याऐंशीच्या सुमारास भाऊंना टीबी झाला. रोज सकाळी इंजेक्शन घ्यायला आमच्याकडे यायचे. बिल्डिंगमध्ये कळता कामा नये, एवढं एकच मागणं. टीबी म्हटलं की लोक पाण्याचा पेलासुद्धा वेगळा ठेवायचे. आणि कांबळेभाऊंच्या वडिलांनी गावात वेगळ्या पेल्याचं पाणी जन्मभर प्यायलं होतं. तो पेला भाऊंना आपल्या दारात परत नको होता.

त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "व्हिटॅमिनचं इंजेक्शन घेतो."

झालं! दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे मोटवानीशेठ हजर. उल्हासनगरला त्यांचं फर्निचरचं दुकान. "डॉक्टरसाब, कांबळेभाऊ को जो देते हो, मेरेको भी लगाओ. आजकल बहुत वीकनेस है."

डॉक्टरांनी एकदा भाऊंकडे बघितलं आणि शेठना खरंच व्हिटॅमिनचं इंजेक्शन टोचलं. शेठ दोन दिवस एका बाजूवर बसत होते. डॉक्टर मला म्हणाले, "गुपित राखायला शेठची एक बाजू गेली तर गेली!"

त्याच सुमाराला कांबळ्यांच्या समोरच्या जोशीकाकू रोज सकाळी पेलाभर दूध त्यांच्याकडे पाठवू लागल्या. 'जोशी' असं नाव कोरलेला घरचा स्टीलचा पेला. "आमच्याकडे फुकट जातं हो," म्हणायच्या. दूध, आणि फुकट जातं?

भाऊ ठणठणीत बरे झाले. डॉक्टर शेवटचा फोटो हातात देत म्हणाले, "आजार गेला. वर कोपऱ्यात हा डाग राहील. कधी बाहेरगावी जायची वेळ आली तर डाग जुनाच आहे, हे सांगायला हाच साक्षीदार. जपा!"

* * *

चामटोली गावचा एक जण मस्कतला निघाला होता. त्यालाही टीबी होऊन गेलेला. फोटोत जुनी खूण दिसली म्हणून मेडिकलवाल्यांनी बेडक्याचा रिपोर्ट मागवला. आम्ही डबी दिली. रिपोर्ट आला पॉझिटिव्ह!

डॉक्टर चक्रावले. माणूस लालबुंद, खोकल्याचं नाव नाही. खोदून विचारलं तेव्हा गडी म्हणाला, "डाक्टर, मना वाटला माजा खराब आसंल. धाकला भाव पैलवान हाय माजा, त्याचा आणला!"

मग दोघांचीही तपासणी झाली. याचा एकदम स्वच्छ. पैलवान आजारी! डॉक्टर म्हणाले, "अरे, तू व्हिसा काढायला आलास आणि भावाचा जीव वाचवून चाललास."

तो मस्कतला गेलाच नाही. भावाला रोज सायकलवर डबलसीट घेऊन यायचा. धाकटा बरा झाल्यावर दोघांनी मिळून गावातच गिरण टाकली. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटतं.

* * *

मोटवानीशेठना सिंगापूरला भावाकडे कायमचं जायचं होतं. लहानपणी छातीत पाणी झालेलं, त्याची धाकधूक. आमच्या भिंतीवर नमुन्याचा एक फोटो लावलेला असायचा, माझाच. शेठनी तो निरखून पाहिला.

"माल एकदम चोख है! डॉक्टरसाब, इसका एक कॉपी निकालो ना. नाव माझं टाका. आमच्या मार्केटमध्ये सगळ्याची कॉपी होते, छातीची का नाही?"

डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "देतो की. पण गॅरंटी नाही हं. फोटो याचा चालेल, अटॅक मात्र ओरिजिनल येईल!"

शेठनी मुकाट्याने शर्ट काढला. फोटो साफ निघाला. मग म्हणे, "अच्छा है तो जाने का क्या जल्दी है?" आणि गेलेच नाहीत.

* * *

जोशीकाकू कॅनडाला मुलाकडे निघाल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. मुलाने फोनवर बजावलं, "आई, मेडिकलला जुन्या ऑपरेशनचा पुरावा ने."

काकूंनी पुरावा नेला. मुरंब्याच्या काचेच्या बरणीत पित्ताचे खडे! मुंबईच्या डॉक्टरांनी बरणी उघडली आणि घाबरून बंद केली. म्हणाले, "सगळे आणलेत?"

"नाही ना," काकू हळहळल्या. "एक जावयांनी बघायला नेला, तो अजून परत दिला नाही!"

काकू पास झाल्या, कॅनडाला जाऊन सहा महिन्यांत परतही आल्या. "तिथे जिन्यात कोणी भेटतच नाही," म्हणाल्या. बरणी पुन्हा कपाटात गेली.

* * *

पंच्याण्णवचं सूर्यग्रहण. डॉक्टर ओरडून सांगत होते, "एक्स-रेमधून बघू नका, डोळे जातील!" ऐकतो कोण? बिल्डिंगमध्ये शिल्लक राहिलेला एक्स-रे एकच, कांबळेभाऊंचा. दहा वर्षं गादीखाली जपलेला, गादी उन्हात टाकताना सगळ्यांच्या नजरेस पडलेला. सगळी बिल्डिंग दारात आल्यावर त्या भल्या माणसाला नाही म्हणवेना. आता कुठे जायचंय, असं म्हणत त्याने कात्री घेतली आणि घरटी एक तुकडा वाटला.

जोशीकाकू ग्रहण पाळणाऱ्या. खिडक्या बंद, पाण्यात तुळशीचं पान. पण त्याही आल्या. "मला तो वरचा कोपऱ्यातला द्या."

"काकी, आप तो देखतेच नहीं!" मोटवानीशेठ हसले.

"असू दे. सगळ्यांना मिळाला, मला का नको?"

तुकडा घेऊन काकूंनी दार लावलं. गच्चीवर आम्ही पोटभर हसलो. मग सगळ्यांनी कांबळेभाऊंच्या छातीतून ग्रहण बघितलं.

* * *

वर्षभरात शोभाताईंना न्यूझीलंडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. आणि भाऊंची कंपनी बंद पडली. घर आता त्या एका नोकरीवर. पण व्हिसाचा नियम असा, की घरातला एक जरी मेडिकलमध्ये अडकला तर सगळेच अडकले. मुंबईच्या डॉक्टरांनी भाऊंच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा डाग जुना आहे, हे कशावरून? जुना फोटो आणा. नाहीतर नव्याने सहा महिने तपासण्या." नोकरी तेवढं थांबणार नव्हती.

व्हिसा मिळाला, हे आधीच सांगून टाकतो. मुंबईच्या डॉक्टरांनी तो चिकटपट्ट्या लावलेला फोटो उजेडात धरला, जुना आणि नवा, दोन्ही डाग ताडून पाहिले आणि एवढंच विचारलं, "याला झालं काय होतं?" भाऊ म्हणाले, "ग्रहण."

पण किस्सा तो नाही. किस्सा आदल्या रविवारचा आहे.

भाऊ आणि मी दारोदार फिरलो. तुकडा मागायचा म्हणजे कारण सांगायला हवं. दहा वर्षं जे लपवलं, ते भाऊंनी प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं, "मला टीबी झाला होता." लोक आत जायचे, शोधाशोध करायचे आणि तुकडा आणून द्यायचे. मोटवानीशेठकडे मधला भाग होता. तुकडा देताना त्यांचे डोळे भरले. "लो भाऊ, अपना दिल संभालो. और वो व्हिटॅमिन का इंजेक्शन... मैं समझ गया!"

सगळे तुकडे माझ्या टेबलावर जुळवले. बरगड्या जुळल्या, हृदय बसलं. वरचा कोपरा तेवढा रिकामा. नाव, तारीख आणि डाग, तिन्ही त्याच तुकड्यावर!

भाऊ जोशीकाकूंच्या दारात उभे राहिले. हे दार त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. मान खाली घालून म्हणाले, "काकू, तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला पूर्वी टीबी..."

काकू आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. मुरंब्याची बरणी घेऊन बाहेर आल्या, झाकण फिरवलं. खड्यांच्या वर मऊ सुती कापडात गुंडाळलेला तुकडा होता, एक ओरखडा नाही.

तो भाऊंच्या हातावर ठेवत म्हणाल्या, "बघून घ्या हो, डाग नीट आहे ना?"