एकी की बेकी

आमच्या शाळेच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना होता. भिवंडीत शाळेला दुसरं काय लागून असणार म्हणा. त्या खटखटाटात पोरींची उत्तरं ऐकू येईनात, म्हणून मी खूण ठरवली: संख्या विषम, म्हणजे एकी असली तर करंगळी वर, सम, म्हणजे बेकी असली तर दोन बोटं. एकीला जायची परवानगीसुद्धा पोरी करंगळीनंच मागतात, हे मेलं डोक्यातच आलं नाही.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी जवळच्याच खारबाव गावची, नोकरी तात्पुरती. त्या दिवशी तपासणीचे साहेब माझा पाठ बघायला येणार होते. पसंत पडला तर कायम, नाहीतर घरी बसायचं; आणि घरी माझ्या लग्नासाठी सगळे टपलेलेच होते. सकाळपासून घशाला कोरड पडलेली, सारखी पाणी ढोसत होते.

पाठ नव्या गणिताचा, तीनच्या पायावर संख्या लिहिण्याचा. चिंचोक्यांचे तीन-तीनचे ढीग करायचे, तसे तीन ढीग जमले की नवाचा मोठा ढीग. पाच म्हणजे एक ढीग नि दोन सुटे, म्हणून एक-दोन. दहा म्हणजे एक मोठा ढीग, लहान ढीग नाही, एक सुटा, म्हणून एक-शून्य-एक. आणि सम-विषम ओळखायला नेहमीसारखा शेवटचा आकडा बघा, असं मी आदल्या दिवशी ठणकावून सांगितलं होतं. पडताळून बघायचं सुचलं नाही. शहाणी ना मी.

साहेबांनी फळ्यावर तीनच्या पायावरचं १०१ लिहिलं नि विचारलं, सम की विषम? पहिल्या बाकावरच्या पोरीनं करंगळी वर केली. साहेब म्हणाले, "जा, जाऊन ये."

ती जागची हलेना. "न्हाय साहेब, ह्ये उत्तर हाय."

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, दहा विषम कधीपासून झाले?"

चूक पोरीच्या माथी मारणं सोपं होतं. पण ती माझ्याकडेच बघत होती, बोट अजून वरच. माझाच मला असा राग आला.

"चूक तिची नाही," मी म्हटलं. "नियमच मी चुकीचा शिकवला."

आणि साहेबांसमोरच टेबलावरच्या चिंचोक्यांच्या जोड्या लावायला घेतल्या. नवाच्या ढिगात चार जोड्या झाल्या, एक उरला. पलीकडचा सुटा त्याच्याशेजारी सरकवला. जमली की जोडी. तीन, नऊ, सत्तावीस, कुठल्याही ढिगात जोड्या लावल्या तरी एकच उरणार; जितके ढीग, तितके उरलेले. म्हणजे शेवटचा आकडा नाही, सगळ्या आकड्यांची बेरीज बघायची. एक नि एक दोन, म्हणून दहा बेकी. पाचाचे एक नि दोन तीन, म्हणून पाच एकी. साहेबांनी आणखी चार-पाच संख्या लिहिल्या; पोरींनी भराभर बोटं वर केली, सगळी बरोबर.

साहेबांनी वहीत शेरा लिहून वही माझ्यापुढे सरकवली: 'चूक कबूल करतात. कायम करण्यास हरकत नाही.'

जीव भांड्यात पडला. डोळ्यांतून पाणीच आलं, आणि सकाळपासून प्यायलेलं सगळं पाणी एकदम आठवलं.

"आणखी काही?" साहेबांनी विचारलं. मी नकळत करंगळी वर केली.

"हे उत्तर आहे, की जायचंय?"

"जायचंय," म्हटलं नि पळाले.