दुफीबाईंचं काखपाणी

आमच्या बेक्वाई गावात कुणाच्या काखेला किती घाम येतो याची बित्तंबातमी एकाच व्यक्तीकडे आहे, आणि ती त्या व्यक्तीने हौसेने गोळा केलेली नाही. दुफीबाई शिंपीण आहेत. माप द्यायचं म्हणजे गिऱ्हाइकाने हात वर करायचे आणि दुफीबाईंनी टेप घेऊन त्या हातांखाली शिरायचं. बावीस वर्षं त्या अशा शिरताहेत. छाती, पाठ आणि कंबर ही तिन्ही मापं एका श्वासात घेण्याची विद्या त्यांनी कमावली आहे. चौथं माप लागलं तर दारापर्यंत जाऊन येतात.

बाई बुटक्या, गोल आणि तुरतुरीत. तोंडात चार टाचण्या असल्या तरी बोलणं थांबत नाही. उलट त्यांनी टाचण्या काढून ठेवल्या की लोक सावध होतात, कारण मग त्या मनापासून बोलतात. त्यांनी शिवलेला काबा, म्हणजे आमच्या बायकांचा मापातला झंपर, इतका अंगासरसा बसतो की पाठीवरची चेन चढवायला एक जाऊ लागते आणि संध्याकाळी उतरवायला दोन. घातलेल्या बाईचं वय पाच वर्षांनी कमी दिसतं. ती श्वासही तेवढाच कमी घेते म्हणा.

तर या बाईंच्या पोटावरच पाय यायची वेळ आली. चर्चच्या महिला मंडळाला साठ नवे गणवेश शिवायचे होते, आणि मंडळाच्या अध्यक्ष आंटी बिरागो दुकानात येऊन दुफीबाईंच्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवून बसल्या.

"दुफी, इस्टरला तुझ्या काब्यात मी अर्ध्या तासात भिजले. प्रार्थनेला हात वर केले तर पुढच्या बाकावरची मागे वळून बघायला लागली. ग्लॅडिसच्या काब्यात वारा तरी खेळतो."

ग्लॅडिस म्हणजे समोरची, विजेच्या मशीनवाली. दुफीबाईंनी टाचण्या काढल्या. "वाराच खेळतो आंटी. आत बाई आहे की नाही तेच कळत नाही."

"ते मला सांगू नकोस. शनिवारी माझ्या बापाचा अंत्यविधी आहे, घरच्या चोवीस जणींचे काळे काबे तूच शिवते आहेस. दिवसभर अंगावर असतील, तेव्हा बघते. गणवेशाचं मग ठरवू."

आंटी गेल्या. दुफीबाईंनी मशीनवर दोन्ही कोपरं टेकून विचार केला. काबा सैल करणं हा त्यांना धर्म बदलण्यासारखा प्रकार वाटत होता. तेव्हा खोट काब्यात नसून काखेत आहे, आणि सुधारायची तर काखच सुधारली पाहिजे, असा निकाल त्यांनी स्वतःच्या बाजूने दिला.

त्यांची आजी काखेला लिंबू चोळायची आणि वर तुरटी फिरवायची. पण आजकालच्या बायकांना फुसफुस उडणारं काहीतरी हवं असतं. दुफीबाईंनी नवऱ्याचा दाढीचा तुरटीचा खडा कुटला, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवला, त्यात मूठभर लवंगांचा अर्क आणि गाळलेला लिंबाचा रस टाकला. मग पाणी टिकावं आणि अंगावर पटकन वाळावं म्हणून पलंगाखालून अक्पेतेशी काढली. ही आमची ताडाची दारू. तिची वाफ जरी लागली तरी डास भिंतीचा आधार घेतात.

नवरा, यॉ सार्पोंग, कुमासी शहराला जाणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर. तो दारातच थबकला. "अगं, ती माझी रविवारची बाटली."

"अर्धीच घेतली."

"अर्धी बाटली काखेला पाजणार?"

"तुझ्याच काखेला पाजणार आहे. एवीतेवी तुझ्याच अंगात जायची ना? मग दार कुठलं का असेना."

यॉच्या अंगावर प्रयोग झाला. पहिल्या दिवशी गुण आला नाही, म्हणून दुफीबाईंनी तुरटी दुप्पट केली आणि मनात शंका राहायला नको म्हणून वर आणखी एक मूठ टाकली. दुसऱ्या दिवशी यॉ काखपाण्याची फवाऱ्याची बाटली गाडीत घेऊन गेला आणि दर फेरीला बनियनवरूनच फवारत राहिला. संध्याकाळी तो गंभीर चेहऱ्याने परतला.

"दुफी, आज ड्रायव्हरशेजारची सीट आधी भरली. सहा वर्षांत पहिल्यांदा."

यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कुठल्या प्रयोगशाळेने दिलं असतं? यॉचं बनियन पांढरं होतं, आणि फवाऱ्यातली तुरटी वाळल्यावर पांढरीच राहते, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. यायचं काही कारणच नव्हतं.

शुक्रवारी प्रत्येक काब्याबरोबर एक बाटली गेली. दुफीबाईंनी चोवीस जणींना बजावलं, "काबा घालायच्या आधी दोनदा मारा, वाळू द्या, मग घाला." त्यातलं फक्त 'मारा' तेवढं लोकांनी ऐकलं.

शनिवारी मंडपात ऊन मावत नव्हतं. पण दहा वाजेपर्यंत दुफीबाईंचं राज्य होतं. घरच्या बायका एकमेकींजवळ सरकून बसत होत्या, जे त्या घरात सहसा होत नाही. मग एकीने पर्समधून बाटली काढली, तिचं बघून दुसरीने. आता काब्यात बाटलीच काय, काडीसुद्धा शिरेना, म्हणून सगळ्यांनी वरूनच फवारलं. जरा सुकलं की पुन्हा.

बारापर्यंत सगळं कडकडीत वाळलं. चोवीस काळ्या काब्यांवर अठ्ठेचाळीस पांढऱ्या चंद्रकोरी उगवल्या.

पहिल्यांदा दिसल्या त्या ग्लॅडिसलाच. "दुफी, काखेतलं भरतकाम नवीन आहे का गं? छान दिसतंय. लांबूनही दिसतंय."

बातमी खुर्च्याखुर्च्यांतून फिरली आणि चोवीस जणींची कोपरं कमरेला चिकटली. हात तसेच ठेवून त्यांनी जेवण केलं. वाढणाऱ्याला वाटलं, दुःख फार झालं आहे. आणि मग ढोल सुरू झाले. आता घरच्या बायकांनी डोक्यावर रुमाल फिरवत नाचायचं, गेलेल्या म्हाताऱ्याला वाजतगाजत निरोप द्यायचा. एकही उठली नाही. ढोलवाल्यांनी एक चाल संपवली, तीच पुन्हा धरली, तिसऱ्यांदा धरली. पाहुणे कुजबुजू लागले. आंटी बिरागो पहिल्या खुर्चीत, हात छातीशी बांधून, बापाच्या फोटोकडे बघत बसल्या होत्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

दुफीबाई मागच्या रांगेत होत्या. पाठीमागे फाटक उघडं होतं. साठ गणवेश एकामागोमाग एक रस्ता ओलांडून ग्लॅडिसच्या दुकानात शिरताना त्यांना दिसत होते. त्या उठल्या, फाटकाकडे बघितलं, आणि सरळ मंडपाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात वर केले. पाणी त्यांचंच असल्यामुळे त्यांनी स्वतःवर सर्वांत सढळ हाताने मारलं होतं. त्यांच्या काखेत चंद्रकोर नव्हती, पौर्णिमाच होती.

"आंटी, पाणी माझं, चूक माझी," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याला कशाला शिक्षा? सगळ्यांनी मला बघून हसून घ्या आणि मग उठा."

आणि त्या नाचायला लागल्या. मंडप हसला. आंटी बिरागो हसल्या नाहीत. त्या सावकाश उठल्या, रुमाल काढला, हात वर केले, आणि त्यांच्यामागे बाकीच्या तेवीस जणी उठल्या. बेक्वाईने इतका दणकून नाच बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

दोन फेऱ्या झाल्यावर आंटी दुफीबाईंच्या जवळ आल्या. नाचता नाचताच विचारलं, "हे जाईल ना धुतल्यावर?"

"साध्या पाण्यात जाईल."

"आणि नाही गेलं तर?"

"चोवीसही नवे शिवून देईन."

आंटी एक गिरकी घेऊन परत आल्या. "माझी नणंद सकाळपासून माझ्या शेजारी बसली आहे. आज तिने एकदाही खुर्ची सरकवली नाही."

दुफीबाईंनी हात आणखी वीतभर वर केले.

"सोमवारी टेप घेऊन ये. साठ जणी आहेत. पण काखेत दोन बोटं जागा सोडायची. बाटली आतून मारता आली पाहिजे."

"दोन बोटं म्हणजे पोतं होईल आंटी. एक."

"दोन."

"दीड," दुफीबाई म्हणाल्या, आणि हात खाली न घेता पुढच्या फेरीला लागल्या.